विश्लेषण : झोपेची गोळी सोडताना डॉक्टरांच्या चिठ्ठीतील अक्षरे कशी वाचायची?

गोंदियाकरांना आद्याक्षरांची सवय आहे. ‘केटीएस’ला नेले, ‘बीजीडब्ल्यू’त बाळंतपण झाले, असे आपण सहज बोलतो. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय ही पूर्ण नावे कितीतरी जणांना थांबून आठवावी लागतील. नाही आठवली तरी काही बिघडत नाही, ऑटोवाला बरोबर दारात सोडतो. सिकलसेलच्या तपासणीत ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, हा फरक तर जिल्ह्यातील अनेक कुटुंबांनी शिकून घेतला आहे, कारण त्यावर मुलांची लग्ने ठरतात.

पण घरातल्या कोणाची झोपेची किंवा ‘टेन्शन’ची गोळी बंद करायची वेळ येते, तेव्हा चिठ्ठीवरची अक्षरे कोणी वाचत नाही. ‘एचएस’, ‘एसओएस’, ‘सीएसटी’, खाली तोंड केलेला बाण, शून्यानंतरचा टिंब. ही गोळी पंधरा दिवस घ्यायची की पंधरा वर्षे, हे बहुतेक वेळा याच अक्षरांवर ठरते. आणि सोडताना ती एका रात्रीत फेकून द्यायची की महिनोन्‌महिने कमी करत न्यायची, हेही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. हा लेख वाचून कोणीही आपला डोस स्वतः बदलू नये. चिठ्ठी समजून घेणे आणि चिठ्ठी बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोणत्या गोळ्यांबद्दल आपण बोलत आहोत?

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड. या सगळ्या एकाच घराण्यातल्या. घराण्याचे नाव बेन्झोडायझेपिन. केसपेपरवर त्याचे ‘बीझेडडी’ किंवा ‘बीडीझेड’ होते. मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक रसायन असते, त्याचे काम मेंदूची धावपळ आवरण्याचे. या गोळ्या त्या गाबाचा जोर वाढवतात, म्हणून भीती ओसरते, स्नायू सैल पडतात, झोप लागते. पहिली गोळी क्लोरडायझेपॉक्साइड. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून निघालेली ही गोळी १९६० मध्ये बाजारात आली, डायझेपाम १९६३ मध्ये. त्याआधीच्या बार्बिट्युरेट गोळ्यांपेक्षा या कितीतरी सुरक्षित होत्या आणि आजही फिट थांबवायला, शस्त्रक्रियेपूर्वी, दारू सोडवताना त्यांची जागा दुसरे औषध सहज घेऊ शकत नाही. गोळी वाईट नाही. ती किती दिवस चालू राहते, हा प्रश्न आहे.

नावावरून ओळखायची एक सोपी खूण आहे. औषधाच्या मूळ नावाचा शेवट ‘झेपाम’ किंवा ‘झोलाम’ असा असेल तर ती बहुधा याच घरातली. मात्र ‘झोल’ने फसू नये. पॅन्टोप्राझोल ही आम्लपित्ताची गोळी आहे. तसेच एस्सिटॅलोप्राममधला ‘प्राम’ वेगळा. ती नैराश्यावरची ‘एसएसआरआय’ वर्गातील गोळी आहे. झोल्पिडेम आणि झोपिक्लोन यांना ‘झेड ड्रग्ज’ म्हणतात. त्यांचे रसायन वेगळे, पण काम आणि सवय लागण्याची रीत जवळपास तीच. क्लोनाझेपाम, क्लोबाझाम, क्लोझापिन आणि क्लोनिडिन या चार नावांची तर घाईत लिहिलेल्या अक्षरात हमखास गल्लत होते. चारही औषधे वेगळी, आजारही वेगळे.

खरी अडचण जोडगोळ्यांची. नैराश्याच्या गोळीच्या ब्रँडनावापुढे ‘प्लस’ लागले की त्यात अनेकदा क्लोनाझेपाम मिसळलेले असते. पोटात मुरडा, गॅस, ‘आतड्याची कमजोरी’ यासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असते. थरथर आणि धडधड यासाठीच्या काही गोळ्यांत प्रोप्रॅनोलॉलच्या जोडीला एटिझोलाम असते आणि नावापुढे ‘बीटा’ लागते. ‘मी कधी झोपेची गोळी घेतलीच नाही’ असे शपथेवर सांगणारा माणूस चार वर्षे पोटाच्या गोळीतून तीच घेत असतो. म्हणून ब्रँडचे मोठे अक्षर सोडून त्याखालचे बारीक अक्षर वाचावे. मोबाइलचा कॅमेरा त्यासाठीच कामी येतो, फोटो काढून मोठा करून बघा.

स्ट्रिपच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल रंगात ‘एनआरएक्स’ दिसले तर ते औषध १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येते असे समजावे. लाल चौकटीत ‘शेड्यूल एच-१’चा इशारा असेल तर नियम आणखी कडक. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या यादीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, झोल्पिडेम ही नावे आहेत. अशी गोळी देताना मेडिकलवाल्याने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ती नोंद तीन वर्षे जपायची असते. तेव्हा काउंटरवर चिठ्ठी मागितली म्हणून रागावू नये. न मागता मिळाली तर मात्र काळजी करावी.

चिठ्ठीवर नेमके काय लिहिलेले असते?

समजा, आमगाव तालुक्यातील एका ५८ वर्षांच्या बाईंची चिठ्ठी आपल्या हातात आहे. वर लिहिले आहे ‘सी/ओ’, म्हणजे रुग्णाची तक्रार : झोप नाही, छातीत धडधड. मग ‘एच/ओ’, म्हणजे पूर्वी काय झाले. ‘के/सी/ओ’ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार. त्यापुढे ‘एचटीएन’ असेल तर रक्तदाब, ‘डीएम’ असेल तर मधुमेह, ‘जीएडी’ असेल तर सततच्या चिंतेचा विकार. ‘ओ/ई’ म्हणजे डॉक्टरांनी तपासल्यावर काय आढळले. ‘एनएडी’ किंवा ‘डब्ल्यूएनएल’ दिसले तर आनंद माना, विशेष काही बिघाड नाही असा त्याचा अर्थ. एवढे वाचून पुढे जाता येते. थांबायचे ते खालच्या ओळींवर.

‘टॅब क्लोनाझेपाम ०.५ एमजी, ०-०-१, एचएस, × १५ डी.’

०-०-१ सगळ्यांना येते : सकाळ नाही, दुपार नाही, रात्री एक. ‘ओडी’ दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा. हा ‘ओडी’ दवाखान्याच्या तातडीच्या विभागातील कागदावर आला तर त्याचा अर्थ ‘ओव्हरडोस’ असू शकतो आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे ‘उजवा डोळा’. कागद कोणत्या टेबलावरून आला ते पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये. ‘एचएस’ हे लॅटिन शब्दांचे लघुरूप, अर्थ झोपेच्या वेळी. जेवणानंतर नव्हे, टीव्ही पाहताना नव्हे, अंथरुणावर पडताना. रोवणीच्या दिवसांत पहाटे चारला उठणाऱ्या माणसाने ती रात्री अकराला घेतली तर बांधीत उतरताना तोल जाईल. आपली झोपायची-उठायची वेळ डॉक्टरांना सांगितली तर त्यांना सोयीचे होते, पण हे सहसा कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही.

टिंबाकडे विशेष लक्ष द्या. ०.५ मधले पहिले शून्य लिहिले नाही आणि फोटोकॉपीत टिंब पुसला गेला तर उरतो पाच. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोत तर हे नेहमीचेच. क्लोनाझेपामच्या बाबतीत मेडिकलवाल्याला लगेच शंका येते, कारण ती गोळी साधारणपणे ०.२५, ०.५, १ आणि २ मिलिग्रॅममध्ये मिळते. डायझेपाम मात्र ५ मिलिग्रॅममध्ये मिळते, तिथे चूक सहज निसटून जाईल.

दुसरी ओळ समजा अशी : ‘टॅब अल्प्राझोलाम ०.२५ एमजी, एसओएस.’

‘एसओएस’ हा या सगळ्या शब्दांतला सर्वांत फसवा. जहाज बुडताना पाठवायच्या संदेशाशी त्याचा संबंध नाही. हेही लॅटिनच, अर्थ ‘गरज पडल्यास’. काही ठिकाणी याच अर्थाने ‘पीआरएन’ लिहितात. डॉक्टरांच्या मनात असते महिन्यातून दोन-तीनदा, फारच घाबरल्यासारखे झाले तर. रुग्णाला मात्र रोजच गरज पडते. आणि सवय लागल्यावर तर ती गरज गोळीच निर्माण करते. म्हणून ‘एसओएस’ दिसले की तिथेच विचारावे, दिवसात जास्तीत जास्त किती आणि आठवड्यात किती? गोळी कमी करण्याच्या काळात तर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा. रात्रीची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली आणि ‘एसओएस’ म्हणून तशीच दुसरी गोळी घरात पडून राहिली, तर कागदावर डोस उतरतो आणि पोटात तेवढाच राहतो.

आता तिसरा शब्द, जो पहिल्या चिठ्ठीवर नसतो, पुढच्या भेटीत येतो : ‘सीएसटी’. कुठे ‘सीटी ऑल’, कुठे ‘रिपीट ऑल’. अर्थ एकच, आहे तेच औषध चालू ठेवा. रक्तदाबाच्या गोळीसाठी हे बरोबर आहे. पण यादीतली सहावी गोळी क्लोनाझेपाम असेल तर या तीन अक्षरांनी पंधरा दिवसांचा डोस पुढच्या महिन्यात जातो, तिथून पुढच्या वर्षात. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८८ मध्येच सांगितले होते की चिंता आणि निद्रानाशासाठी या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपुरत्याच असाव्यात. आपल्याकडे ‘× १५ डी’ हे अनेकदा लिहिलेले असते, पण चिठ्ठी जुनी होते आणि मेडिकलमध्ये तीच पुन्हा दाखवली जाते. गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटांत सहा औषधांचा आढावा घेणे डॉक्टरांनाही शक्य नसते, हे मान्य. तरी ‘सीएसटी’ लिहिताना पेन थोडे थांबायला हवे, असे वाटते.

गोळी बंद केली आणि त्रास सुरू झाला, म्हणजे आजार परतला का?

इथेच सर्वाधिक लोक अडकतात. ‘बंद करून पाहिली तं दोन रात्री डोळा नाही लागला, मग पुन्हा सुरू केली’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्यातून निष्कर्ष निघतो की आजार अजून आहे आणि गोळी जन्मभर लागणार. पण या त्रासाला वैद्यकात तीन वेगळी नावे आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

पहिले ‘रिबाउंड’. जुनाच त्रास, पण आधीपेक्षा जोरात. झोप आधी कमी होती, आता रात्रभर डोळा लागत नाही. गोळी कमी झाल्यावर लगेच येतो आणि बहुधा काही दिवसांत ओसरतो. दुसरे ‘विड्रॉवल’. यात जुन्या त्रासाबरोबर असे काही येते जे त्या माणसाला कधी झालेच नव्हते : हात थरथरणे, घाम, स्नायू आखडणे किंवा उडणे, अंगाला मुंग्या, मळमळ, उजेड डोळ्यांत टोचणे, भांडे पडल्याचा आवाज डोक्यात घुसणे, आपण आपल्यातच नाही असे वाटणे. हा त्रास लाटेसारखा येतो, दोन दिवस बरे, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिसरे ‘रिलॅप्स’, म्हणजे मूळ आजार खरोखर परतणे. तो सहसा हळूहळू येतो, जुन्याच रूपात येतो आणि आपोआप ओसरत नाही.

प्रत्यक्षात या तिन्हींची सरमिसळ होते, डॉक्टरांनाही एका भेटीत सांगता येईलच असे नाही. त्यांना मदत होते ती तारखांची. कोणत्या दिवशी गोळी कमी केली, कोणत्या दिवशी काय झाले, याची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर करता येते. दुधाचा हिशेब जिथे लिहितो, तिथेच.

त्रास कधी सुरू होतो, हे चिठ्ठीवर क्वचितच दिसणाऱ्या एका संज्ञेवर ठरते. तिला ‘हाफ लाइफ’ म्हणतात, वैद्यकीय पुस्तकात ‘टी’ अक्षरापुढे बारीक अर्धा लिहिलेला असतो. शरीरातील औषध निम्म्यावर यायला लागणारा हा वेळ. अल्प्राझोलामसाठी तो सरासरी ११ तासांच्या आसपास, क्लोनाझेपामसाठी साधारण ३० ते ४० तास. डायझेपाम आणि त्यापासून शरीरात तयार होणारे घटक तर कित्येक दिवस रेंगाळतात. म्हणून अल्प्राझोलाम एकदम थांबवली तर एक-दोन दिवसांतच त्रास जाणवतो. काहींना तर दोन गोळ्यांच्या मधल्या तासांतही अस्वस्थता येते, तिला ‘इंटरडोस विड्रॉवल’ म्हणतात. डायझेपाम थांबवल्यावर मात्र आठवडाभर काहीच वाटणार नाही, आणि ‘बघा, काही झाले नाही’ असे म्हणेपर्यंत त्रास दारात उभा असेल.

घरगुती उपाय म्हणून एक दिवस आड गोळी घेणाऱ्यांचे काय होते, ते यावरून कळेल. अल्प्राझोलामसारखी लवकर उतरणारी गोळी एक दिवस आड घेणे म्हणजे दर दुसऱ्या दिवशी विड्रॉवलला आमंत्रण.

‘टेपर’ म्हणजे किती हळू?

डोस टप्प्याटप्प्याने उतरवणे म्हणजे ‘टेपर’. चिठ्ठीवर तो बाणांनी लिहिलेला असतो : इतके आठवडे इतका, बाण, मग इतका. या विषयात सर्वाधिक अनुभव ज्यांच्या नावावर आहे त्या ब्रिटनमधील न्यूकॅसलच्या प्रा. हेदर अ‍ॅश्टन. १९८२ ते १९९४ या काळात त्यांनी फक्त या गोळ्या सोडवण्यासाठी दवाखाना चालवला आणि त्यावर पुढे एक मार्गदर्शिका लिहिली. त्यांचे सांगणे असे की वेग रुग्णाने ठरवावा, कॅलेंडरने नव्हे. अमेरिकेत अनेक वैद्यकीय संघटनांनी मिळून २०२५ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वेही तिकडेच झुकतात. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या ५ ते १० टक्के कमी करण्याचा विचार करावा, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त सहसा कमी करू नये.

आता आमगावच्या त्या चिठ्ठीचा हिशेब करू. ०.५ मिलिग्रॅमचे १० टक्के म्हणजे ०.०५. बाजारातली सर्वांत लहान गोळी साधारण ०.२५ ची. तिचे दोन तुकडे केले तर ०.१२५. म्हणजे घरी सुरीने करता येण्यासारखी सर्वांत लहान कपातही एकदम २५ टक्क्यांची होते. काही डॉक्टर क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामऐवजी आधी डायझेपामवर आणतात, त्याचे एक कारण हे. अ‍ॅश्टन यांच्या तक्त्यात ०.५ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम, ०.५ अल्प्राझोलाम, १ लोराझेपाम आणि १० डायझेपाम यांचा जोर साधारण सारखा धरला आहे. डायझेपामची २ मिलिग्रॅमची गोळी अर्धी केली की १ मिलिग्रॅम, म्हणजे बरोबर १० टक्के. पण दुसऱ्या तक्त्यांत हे आकडे वेगळे दिसतील. शिवाय वयस्कर माणसात आणि यकृत कमकुवत असलेल्यांत डायझेपाम साचत जाते, त्यांना ही युक्ती महागात पडू शकते. म्हणून हा बदल, ज्याला ‘स्विच’ किंवा ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात, चिठ्ठीवर डॉक्टरांच्या अक्षरात असेल तरच करायचा. ०.५ च्या जागी १० लिहिलेले पाहून घरातील लोक ‘डोस वीसपट वाढवला’ म्हणून घाबरतात. आता घाबरणार नाहीत, अशी आशा आहे.

गोळी मोडण्याआधी नावापुढची अक्षरे पाहा. ‘एसआर’, ‘ईआर’, ‘एक्सआर’ म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी. ती मोडली किंवा चावली तर दिवसभराचे औषध एकदम सुटते. ‘एमडी’ म्हणजे तोंडात विरघळणारी. मधोमध रेघ असलेली गोळीच अर्धी करण्यासाठी बनवलेली असते.

टेपर कधी सुरू करायचा यालाही महत्त्व आहे. रोवणी, कापणी, घरातले लग्न, मुलाची बारावी, हे दिवस टाळावेत. एखाद्या टप्प्यावर त्रास झाला तर डॉक्टर तिथेच दोन-चार आठवडे थांबतात. त्याला ‘होल्ड’ म्हणतात, ते अपयश नव्हे.

कागदावर ‘एफ १३’ लिहिले आहे. म्हणजे आमची आई व्यसनी?

दवाखान्यातून सुटी होताना मिळणाऱ्या कार्डावर किंवा विम्याच्या फॉर्मवर ‘एफ’ने सुरू होणारा आकडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती, ‘आयसीडी-१०’, त्यातील हा क्रमांक. ‘एफ’ म्हणजे मानसिक आरोग्याचा विभाग. एफ ४१.१ सततची चिंता, एफ ३२ नैराश्य, एफ १० दारूशी संबंधित, आणि एफ १३ झोपेच्या व शांत करणाऱ्या औषधांशी संबंधित. त्यातही एफ १३.२ म्हणजे अवलंबित्व, एफ १३.३ म्हणजे विड्रॉवलची अवस्था.

मराठीत आपण ‘सवय’ आणि ‘व्यसन’ या दोनच शब्दांत सगळे बसवतो, त्यामुळे अपमान वाटतो. वैद्यकात तीन शब्द आहेत. ‘टॉलरन्स’ म्हणजे तेवढ्याच डोसचा परिणाम कमी होत जाणे. ‘डिपेंडन्स’ म्हणजे शरीराने त्या औषधाशी जुळवून घेणे, इतके की ते काढले तर शरीर बिथरते. ‘अ‍ॅडिक्शन’ म्हणजे नुकसान दिसत असूनही ओढीने औषध घेत राहणे, त्यासाठी खोटे बोलणे, डोस वाढवणे. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच गोळी रोज रात्री देवासमोर दिवा लावून घेणाऱ्या बाईच्या शरीरातही डिपेंडन्स तयार होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या गोळ्यांवरील सर्वांत ठळक इशारा वाढवला, तेव्हा लिहून दिल्याप्रमाणे घेतली तरी शारीरिक अवलंबित्व येऊ शकते, हेच सांगितले. तिला ‘व्यसनी’ म्हटले की ती दुसऱ्या दिवशी रागाने सगळ्या गोळ्या चुलीत टाकते. आणि एकदम बंद करणे हेच सर्वांत धोक्याचे.

कागद कोणाला दिसेल ही भीतीही असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि आपले वैद्यकीय कागद मिळवण्याचाही.

कोणते शब्द ऐकले की धावायचे?

‘जीटीसीएस’ म्हणजे सर्वांगाला येणारी मोठी फिट. ‘डेलिरियम’ म्हणजे भान सुटणे, दिवस-रात्र न कळणे, नसलेली माणसे दिसणे. दीर्घकाळ घेतलेली गोळी अचानक थांबवल्यावर हे दोन्ही होऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. गावात फिट म्हणजे मिरगी, आणि बडबड म्हणजे बाहेरचे काही, असे समजून रात्र मांत्रिकाकडे जाते. त्याऐवजी १०८ ला फोन करावा. तोवर माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, गोळीची रिकामी स्ट्रिप खिशात टाकावी. डॉक्टरांना पहिल्यांदा एवढेच सांगायचे, कोणती गोळी, किती वर्षे, शेवटची कधी घेतली. मरावेसे वाटते असे कोणी बोलले तर तेही तितक्याच घाईचे.

दारूचा विषय जिल्ह्यात टाळून चालणार नाही. दारू सोडवताना क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम देतात, तेही उतरत्या डोसात, बहुधा काही दिवसांपुरते. त्या वॉर्डातल्या कागदावर ‘सीआयडब्ल्यूए’ दिसेल, म्हणजे विड्रॉवलची तीव्रता मोजण्याची गुणपत्रिका. तिथला ‘डीटी’ म्हणजे डेलिरियम ट्रेमेन्स, दारू सुटताना येणारी गंभीर अवस्था. गोळीच्या पाकिटावरचा ‘डीटी’ म्हणजे फक्त पाण्यात विरघळणारी गोळी. ‘एलएफटी’ ही यकृताची तपासणी, डोस ठरवताना लागते. या गोळ्यांबरोबर दारू किंवा ट्रॅमाडोल, कोडीनसारखी औषधे घेतली तर श्वास मंदावतो. चिठ्ठीवर ‘नो अल्कोहोल’ लिहिले असेल तर तो उपदेश नसून मात्रेचा भाग आहे.

गोंदियात विचारायचे कोणाला?

आपल्या जिल्ह्याची एक वेगळी पंचाईत आहे. रक्तदाबाचे डॉक्टर नागपूरचे, सांध्यांचे रायपूरचे, मेंदूचे राजनांदगावचे, आणि बालाघाटला माहेर असलेल्या सुनेची चिठ्ठी तिकडची. तीन राज्यांचे कागद एका पिशवीत असतात, आणि तीन चिठ्ठ्यांवर तीन ब्रँडच्या नावाने एकच क्लोनाझेपाम असू शकते. म्हणून टेपर सुरू करण्याआधी सगळ्या चिठ्ठ्या आणि सगळ्या स्ट्रिप एकत्र घेऊन एकाच डॉक्टरसमोर ठेवाव्यात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार ओपीडीत हे करता येते. सालेकसा, देवरीकडच्या ग्रामीण रुग्णालयातून पाठवले तर कागदावर ‘रेफ टू सायक ओपीडी’ असे असेल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, या गोळ्या उतरवण्याचे काम मानसोपचारतज्ज्ञांना सर्वाधिक माहीत असते, एवढाच त्याचा अर्थ.

डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच केला. तेव्हा ‘हे मराठीत सांगता का?’ असे विचारण्यात संकोच नको. चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्याच समोर लिहून घ्या : आजचा डोस, पुढची कपात कोणत्या तारखेला, त्रास झाला तर थांबायचे की फोन करायचा, आणि कोणत्या नंबरवर. ते शक्य नसेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या या क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येते. फोन लावताना चिठ्ठी आणि स्ट्रिप दोन्ही हाताशी ठेवा, पहिला प्रश्न औषधाच्या नावाचाच येईल.